बोंबलाचं पान

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, असं पत्र आलं तेव्हा मी संपादकांना पहिला प्रश्न विचारला, "किती पानं?" ते म्हणाले, पाच. मी म्हटलं, आठ. ते म्हणाले, पाचच. मी म्हटलं, "बरं, पाच. पण लेखाच्या वर माझं नाव ठळक टाइपात, आणि शेवटी खाली परत एकदा." त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, लेख वाचा म्हणजे कळेल.

मी हिराजी भोईर. उभा जन्म कल्याणात लेबलं छापली. लोणच्याच्या बरणीवरचं लिंबू, मसाल्याच्या पुडीवरची मिरची, बिस्किटांच्या डब्यावरची कपबशी, सगळ्यांवर दुसऱ्यांची नावं. ती मी इमानानं छापली, त्यांचे काना-मात्रे जपले. माझं स्वतःचं नाव एका पुस्तकावर यायचं होतं. आलं नाही. ते पुस्तक लहान पोरांच्या रंगवायच्या चित्रांचं होतं आणि त्यात फक्त खायच्या वस्तू होत्या. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

माझा बाप मिठागरावर होता. मिठागरं पावसाळ्यात बंद असतात. तसे दोन पावसाळे मी भिवंडीत कापडाचे ठसे कोरणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे काढले. तो शिकवायचा कमी, हातावर मारायचा जास्त, पण त्या मारानंच हात बसला. पुढे एका छापखान्यात पायानं चालवायच्या यंत्रावर उभा राहिलो. त्या यंत्राला ट्रेडल म्हणतात. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला एक जुनं ट्रेडल विकायला निघालं होतं. मालक तीन दिवस भाव उतरवत नव्हता आणि मी तीन दिवस त्याच्या दारातून हलत नव्हतो. चौथ्या दिवशी त्याची बायको म्हणाली, "अहो, देऊन टाका, नाहीतर ह्यांना जेवायला तरी वाढावं लागेल."

मोठे छापखाने चित्रांचे जस्ताचे ठसे मुंबईहून करून आणत. मी शिसवी लाकडावर स्वतः कोरायचो. ह्यातली गोम एवढीच की ठशावर जे उंच उरतं ते छापतं, जे खणून काढतो ते कोरं राहतं. म्हणजे भरीव लिंबू सोपं. बाहेरचं लाकूड काढा, झालं लिंबू.

हे एवढं सांगितलं कारण लेलेबाईंना ते पटवताना माझी सबंध सकाळ गेली होती.

लेलेबाई डोंबिवलीच्या. कल्याणच्या खाडीकाठी मारुतीच्या देवळाच्या ओसरीत त्यांनी बालवाडी सुरू केली होती. निम्मी पोरं कारकुनांची, निम्मी कोळ्या-आगऱ्यांची. बाई एका सकाळी लोणच्याची रिकामी बरणी घेऊन दुकानात उभ्या राहिल्या.

"हे लिंबू तुमचं?"

"लिंबू माझं. आत काही खवट निघालं असेल तर लोणचेवाल्याकडे जा."

"मला हेच लिंबू हवंय. पण रंग काढून. नुसती कडा. आत रंग मुलं भरतील."

"मिळेल."

"मग भाव निम्मा. आतली शाई वाचली तुमची."

मी उठून उभाच राहिलो. "बाई, भरीव लिंबू एका दुपारी होतं. नुसती कडा म्हणजे आतलंही खणायचं, बाहेरचंही खणायचं, आणि मधे सुतासारखी भिंत शाबूत ठेवायची. एक टवका उडाला की सगळं लिंबू फुकट. दोन दिवसांचं काम आहे."

"म्हणजे लाकूड जास्त खणावं लागतं?"

"लागतं!"

"ते खणलेलं तुमच्याकडेच राहतं ना? बंबात घालता येईल."

बाजारात माझ्याशी कोणी वाद घालत नसे. लोक म्हणायचे, भोईरशी भाव करण्यापेक्षा उपास बरा. आणि ही चष्मेवाली बाई भुशावर सूट मागत होती. शेवटी ठरलं ते असं: कागद हलक्यातला, बदामी, छपाई माझ्या सवडीनं, आणि पहिली खेप पोरांच्या कामाला आली नाही तर बाई ती परत करणार.

ती आठवड्यात परत आली.

मी छापले होते लिंबू, मिरची, वांगं, केळं आणि आंबा. आंबा मोठ्या हौसेनं कोरला होता. लेबलावरच्या फळाला आम्ही चकाकी दाखवतो, म्हणजे पोटावर दोन-चार वाकड्या रेघा. आणि भोवती किरणं, म्हणजे माल दुकानात उठून दिसतो. हाताला सवय, मी तेच केलं. बाईंनी रंगवलेला कागद माझ्यासमोर ठेवला. किरणांना हिरवा रंग, चकाकीच्या रेघा काळ्याभोर.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"मुलांच्या मते किडका फणस. हे काटे आणि ह्या अळ्या. एका मुलानं तर बसून मोजल्या."

मी भडकलो. म्हटलं, पोरांना डोळे नाहीत. बाई म्हणाल्या, "डोळेच तर आहेत, भोईर. सवय नाही अजून. येऊन बघा."

गेलो, भांडायलाच गेलो. ओसरीवर पोरं मांडी घालून बसली होती आणि करवंट्यांत रंग कालवलेले होते. खडूच्या पेट्या कुठून परवडणार? हळदीचा पिवळा, हळदीत चुना घालून लाल, कपड्यांची निळ, निळीत हळद टाकून हिरवा, गेरू आणि कोळशाची पूड. काडीला कापूस गुंडाळला की झाला कुंचला. सगळ्या करवंट्या बाईंच्या पुढ्यात. कोळीवाड्यातली चंद्री नावाची पाचेक वर्षांची पोर हात पुढे करून उभी होती.

"बाई, त्यो द्या."

"तो म्हणजे कोणता?"

"हिरवा."

"कशाला हवा?"

"मिरचीला."

"मिरची कशी लागते गं?"

"तिखट."

"कैरीही हिरवीच असते. तीही तिखट का?"

चंद्रीनं बाईंकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू बाईंचं कसं होणार. "नाय वो! कैरी आंबट. कैरीला मीठ लावून खातान. मिरची खाल्ली का पानी पितान."

बाईंनी करवंटी दिली, पण अर्धीच. "आणि देठाला?"

"देठ पन हिरवा, पन येगला. वाळका."

तेव्हा दुसरी करवंटी.

मी खांबाला टेकून बघत राहिलो आणि माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. ही तर चक्क घासाघीस होती. नुसतं 'दे' म्हणून बाजारात काही मिळत नाही. कुठला, कसा, किती, कशासाठी, हे सांगावं लागतं आणि सांगता सांगता तोंड तयार होतं. बाई रंग विकत होत्या आणि पोरं ते शब्द देऊन घेत होती. पहिल्या महिन्यात जी पोरं 'हे' आणि 'ते' ह्या दोन नाण्यांवर संसार करत होती, ती पावसाळा येईपर्यंत कच्चं, पिकलं, तुरट, खमंग, सोलायचं, चिरायचं, किसायचं, वाटायचं असं बोलायला लागली. कारकुनांची पोरं शिकरण सांगायची, कोळ्यांची पोरं विचारायची, ते कशात बुडवून खातात. वाद व्हायचे. बाई वाद मिटवत नसत.

मी आंब्याचा ठसा पुन्हा कोरला. चकाकी गेली, किरणं गेली, साधा आंबा उरला. लेबलवाल्याला साधा आंबा कोरणं किती जड जातं, ते दुसऱ्या कोणाला कळायचं नाही. बाईंनी बघितला आणि म्हणाल्या, "आता हा विकत घ्यावासा नाही वाटत. खावासा वाटतो."

ह्या दिवसांत माझं एक गिऱ्हाईक होतं, कल्याण कॅम्पातला सिंधी पापडवाला. फाळणीत सगळं मागे टाकून आलेला माणूस, पण पापड लाटायचा ते थाटात. त्याच्याच लेबलाचा जुना ठसा आतून कोरून मी पोरांसाठी पापड केला होता. तो कागद त्यानं दुकानात पाहिला. "ये तो मेरा पापड है," तो म्हणाला. मी म्हटलं, पापडाला काय नाव असतं? तर म्हणाला, खाली माझं नाव छाप, रोज सगळ्या पोरांना पापड फुकट. मला सौदा झकास वाटला. बाईंनी ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "पापडाचं नाव पापड. मुलं उद्या घरी जाऊन आईकडे ह्यांचं नाव घेऊन मागतील." पापडवाला हिरमुसला. जाताना मला म्हणाला, "भोईरभाई, नाव गेलं तर माणसाकडे राहतं काय?" त्या वेळी मी हसलो होतो.

मग आलं बोंबलाचं पान.

बाई म्हणाल्या, फळं-भाज्या पुष्कळ झाल्या, आणखी काय काढू? मी म्हटलं, "सुका बोंबील."

"तो कसा असतो?"

"बाई, इतके दिवस खाडीकाठी येता आणि बोंबील माहीत नाही?"

"आमच्याकडे कधी आला नाही तो."

मी एक बोंबील कोरला. छान लांब, पानाच्या मधोमध. चंद्रीनं कागद घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "ह्यो एकटाच कसा?"

माझ्या डोक्यात वीज चमकली. बोंबील वाळत घालतात तो कधी एकटा नसतो. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. मिठागरावर वाढलेल्या मला हे कळायला पाहिजे होतं! पण लेबलाची सवय, एका लेबलावर एक वस्तू. घरी आईला सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला. "जलमभर जोरीनं खाल्लास, नि कागदाव एकट्याला टांगलास? बामनाच्या बाईला तरी काय वाटलं आसंल!"

पुन्हा कोरला. जोडी केली, दोरी दाखवली. आणि त्या दिवशी ओसरीवर जे झालं तसं मी पुन्हा कुठल्या वर्गात पाहिलं नाही. बाईंनी विचारलं, "हे तोंडात तोंड का अडकवलंय?" आणि एकदम दहा तोंडं उघडली. वाऱ्यानं पडू नये म्हणून. कावळा येतो म्हणून. ओला असला की लिबलिबीत, वाळला की कडक. भाजायचा, कुटायचा, डोकं मोडायचं आधी. एका कारकुनाचा पोरगा म्हणाला, "त्याला वास येतो." चंद्री तोंड फिरवून म्हणाली, "त्यो वास नाय. त्यानं भूक लागते."

घरी येताना मला उलगडलं. आंब्याच्या पानावर बाई माहीत नसल्याचं सोंग करत आणि पोरांना सोंग कळतं, गिऱ्हाइकाला कळतं तसंच. बोंबलाच्या पानावर सोंग नव्हतं. बाईंना खरंच माहीत नव्हतं. त्या पानापुरती पोरं मास्तर होती आणि बाई पाटी घेऊन बसल्या होत्या.

ही बातमी ठाण्याला पोचली. तिथे बालवाड्यांची एक समिती होती. तिला जिल्हाभरच्या बालवाड्यांसाठी रंगवायचं पुस्तक काढायचं होतं. समितीचे अध्यक्ष एक वकीलसाहेब. बाईंनी माझी चित्रं नेऊन दाखवली आणि मला सांगितलं, "मुखपृष्ठावर चित्रकार म्हणून तुमचं नाव घालायला सांगणार आहे मी."

मी त्या रात्री आईला सांगितलं. आमच्या घरात कुणाचं नाव कधी छापलं गेलं नव्हतं. बाप अंगठा उठवायचा. आई म्हणाली, "छापलं का मना दाव. वाचता येत नाय, पन हात लावीन."

ठाण्याच्या बैठकीला बाई चंद्रीलाही घेऊन आल्या. समितीनं एका ड्रॉइंगमास्तरांना बोलावलं होतं. पदवीधर माणूस, सभ्य, मी त्यांना दोष देत नाही. निदान आज देत नाही. त्यांनी माझी चित्रं 'शुद्ध' करून आणली होती. त्यांची भाकरी लांबट होती, एका बाजूला सावली.

बाईंनी ती चंद्रीसमोर धरली. "काय गं हे?"

"होडी."

मग माझी धरली, नुसती गोल, मधे दोन फुगे.

"भाकर. जराशी करपलीय ही."

मास्तर म्हणाले, "गोल वस्तू बाजूनं लांबटच दिसते. तो नियम आहे."

मी म्हटलं, "मास्तर, पोरं भाकरी वरून बघतात. बाजूनं बघत बसलं तर शेजारचा खाऊन टाकतो."

वकीलसाहेब हसले. चित्रं माझीच ठरली. मग त्यांनी पानं उलटली आणि बोंबलाशी थांबले.

"भोईर, मुलांच्या हातात सरस्वतीचं पुस्तक द्यायचं आणि त्यात हे?"

"देवीची तक्रार आलीय का, साहेब?"

"पालकांची येईल."

"पालकांतले निम्मे हेच विकून पोरांना शाळेत धाडतात."

माझा आवाज चढला होता. वकीलसाहेबांचा चढत नव्हता, आणि तिथेच मी ओळखायला पाहिजे होतं की समोरचा आपल्याहून मुरलेला आहे. ते म्हणाले, "बरं. तुमच्या दोन गोष्टी आहेत. हे पान, आणि मुखपृष्ठावर नाव. समितीच्या पुस्तकावर पदवीधर नाव असावं असं सदस्यांचं मत आहे. मास्तरांनी देखरेख केलीच आहे. मी सदस्यांना एक गोष्ट पटवू शकेन, दोन नाही. कुठली पटवू?"

घासाघिशीचा पहिला नियम असा की दोन वस्तूंपैकी आपला जीव कशात आहे ते समोरच्याला दिसू द्यायचं नाही. मी 'दोन्ही' म्हणून अडून बसायला हवं होतं. पायऱ्या उतरायचं नाटक करायला हवं होतं. ट्रेडलवाल्याच्या दारात मी तीन दिवस बसलो होतो! पण चंद्री बाईंच्या मांडीवर बसून त्या पानावर बोट फिरवत होती, एका बोंबलावरून दुसऱ्यावर, जबड्यापाशी थांबून. मी तिच्याकडे बघितलं आणि वकीलसाहेबांनी मला बघताना बघितलं.

"पान," मी म्हणालो.

पुस्तक झालं. मीच छापलं, त्याच बदामी कागदावर. मुखपृष्ठावर मास्तरांचं नाव, पदवीसकट. मी एक प्रत घरी नेली. आई दारातच बसली होती. "दाव," ती म्हणाली. मी काय केलं ते लिहायला आजही लाज वाटते. मी मास्तरांच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे बघ, आई."

तिनं पदराला हात पुसला, अक्षरांवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "एवरं लांब नाव मी कवा ठेवलं तुजं?"

"छापलं की लांब होतं," मी म्हटलं.

"आसंल," ती म्हणाली. मग पानं उलटत बोंबलाशी आली आणि तिथे मात्र खूश झाली. "आता कसा जोरीनं हाय!"

वर्षभरानं समितीनं पुस्तकाच्या वापरलेल्या प्रती गोळा केल्या. दुसरी आवृत्ती काढायची होती. मला आणि बाईंना ठाण्याला बोलावलं. मी वेळेच्या आधी पोचलो, बाई यायच्या होत्या. वकीलसाहेबांनी प्रतींचा ढीग माझ्यासमोर केला. आंबे पिवळे, वांगी जांभळी, मिरच्या हिरव्या-तांबड्या, रंग कडेबाहेर सांडलेले. आणि बोंबलाचं पान कोरं. दुसऱ्या प्रतीत कोरं. खाडीकाठच्या बालवाड्यांच्या एकूण एक प्रतींत कोरं.

"भोईर, तुमच्या पानाला मुलांनी हात लावला नाही," ते म्हणाले. "ज्यांच्यासाठी भांडलात त्यांनीसुद्धा. हे पान काढू या."

ज्याच्यासाठी मी नाव सोडलं होतं, आईशी खोटं बोललो होतो, ते पान!  मी ढीग परत ढकलला. काही प्रती खाली पडल्या. "पान काढणार असाल तर पुस्तक दुसरीकडे छापा. माझे ठसे मिळणार नाहीत." वकीलसाहेब म्हणाले, लेलेबाईंना येऊ द्या, त्यांचं ऐकू. मी म्हटलं, "ऐकून झालं." आणि जिना उतरलो. ह्या वेळी नाटक नव्हतं, म्हणून कोणी मागून हाकही मारली नाही.

रस्त्यात बाई भेटल्या. मी भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडलो. तुमची पोरं, तुमची चंद्री, वर्षभर त्यांनी पानाला रंग लावला नाही, मला तोंडघशी पाडलं. बाई आधी घाबरल्या. मग त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"अहो भोईर, मी पहिल्याच दिवशी सगळे रंग पुढे ठेवले. एकानंही मागितला नाही. मी विचारलं, रंग नको का? तर चंद्री म्हणाली, बाई, ह्यो असाच असतो!"

मी खिशात हात घातला. कागदाचा एक तुकडा नेहमी असायचा. उन्हात धरला. बदामी, किंचित पिवळट, मधेमधे तपकिरी ठिपके. घासाघीस करून आणलेला सगळ्यात हलका कागद. हुबेहूब सुका बोंबील.

"चला परत, मी सांगते त्यांना," बाई म्हणाल्या. "त्या पानावर मुलं सगळ्यात जास्त बोललीत. माझ्याकडे शब्द लिहून ठेवलेत." त्यांनी पिशवीतून वही काढली सुद्धा.

गेलो असतो तर? पण मी तो जिना नुकताच उतरलो होतो आणि पुन्हा चढणं माझ्या स्वभावात नव्हतं. बाई एकट्या गेल्या. वकीलसाहेब त्यांना म्हणाले, ठीक आहे, पण ठसे कुठे आहेत? ठसे माझ्याकडे होते. बाईंनी दोनदा निरोप पाठवला, मी दोनदा 'बघू' म्हटलं. तेवढ्यात दुसऱ्या छापखान्यानं पुस्तक काढलं, पांढऱ्या कागदावर, मास्तरांच्या नावानं, लांबट भाकरीसकट. बोंबील नव्हताच. मी वर पाच मिनिटं थांबलो असतो, तर पान राहिलं असतं. हे मी वकीलसाहेबांच्या नावावर बरीच वर्षं लिहून ठेवलं होतं. आता वय झालं, खातं माझ्याच नावावर करून घेतो.

बाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं नाही. पुढेही दर वर्षी येऊन लिंबू-मिरचीचे कागद माझ्याकडूनच छापून घ्यायच्या आणि दर वर्षी भुशावर सूट मागायच्या. मी द्यायचो. का, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

परवा ठाण्याच्या बाजारात सुक्या मासळीच्या ओळीत गेलो होतो. एक ठणठणीत बाई पाटीमागे बसली होती. मी म्हटलं, "दे बोंबील."

"दे काय? कसा पायजे ते सांगा. कडक का मऊ? भाजायला का कालवनाला? डोकी मोडून देऊ का तशीच?"

तिनं एवढं विचारलं आणि मी तिच्याकडे नीट पाहिलं. तीही पाहत होती.

"तुमी बोंबीलकाका ना?"

"माझं नाव हिराजी भोईर."

"आसंल," चंद्री म्हणाली. "आमी सगली पोरं बोंबीलकाकाच म्हनायचो. बाईंच्या बालवाडीत यायचाव, खांबाला टेकून उभं ऱ्हायाचाव, सगल्यांव डोळे वटारून."

मी तिला इतक्या वर्षांचा हिशेब विचारलाच. "का गं, त्या पानाला तुम्ही रंग का नाही लावला? तेवढंच कोरं ठेवलं."

तिनं लहानपणी बाईंकडे पाहायची तसं माझ्याकडे पाहिलं, माझं कसं होणार अशा नजरेनं.

"कोरं कुटं, काका? सगल्या पुस्तकात तेवरं एकच पान तुमी सोता रंगवून आनलं व्हतं. त्याव आमी कशाला हात लावू?"

 मी खाकरलो आणि भाव करायला लागलो. तिनं एक पैसा कमी केला नाही.

तेव्हा संपादक, लेखाच्या वर नाव ठरल्याप्रमाणे ठळक छापा, त्यात सूट नाही. खालच्या नावाची अट मी मागे घेतो. तेवढी जागा कोरी सोडा. कागद बदामी असेल तर उत्तम.